जुनी व्हीटेक, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि बेळगावातली एमिशन टेस्ट

(हातात मोबाइल, मागे बॉनेट उघडलेली गाडी)

हा फोटो बघा. एमिशन सेंटरच्या स्क्रीनचा आहे, मीच काढलेला. सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, २.१ टक्के, पाहिजे होतं ०.५ च्या आत. एचसी, म्हणजे हायड्रोकार्बन, ४८० पीपीएम, मर्यादा ७५०, म्हणजे तिथं पास. पण एकात नापास म्हणजे सगळ्यात नापास. टेस्ट घेणारा पोरगा हसत म्हणाला, "अण्णा, सायलेन्सर बदललाय न्हवं? मग होईत नाही ते." तो चुकला होता. पूर्ण नाही, पण बराचसा.

नमस्कार मंडळी. गाडी आहे २००३ ची होंडा सिटी, दीड लिटरच्या व्हीटेक इंजिनाची, १०६ हॉर्सपॉवर. चार दारांच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणतोस होय, असं विचारणारे विचारणारच. बाबांनो, त्या काळात आपल्या खिशाला परवडणारं दुसरं होतं काय? आधीच्या मालकानं तिला फोर-टू-वन हेडर (इंजिनातून धूर आणणाऱ्या चार नळ्या, आधी दोनात, मग एकात) बसवला, मागं फ्री-फ्लो, म्हणजे धुराला कमी अडवणारा सायलेन्सर लावला, एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर टाकला आणि कॅटकॉन, म्हणजे विषारी धूर साफ करणारा डबा, कापून तिथं सरळ पाइप जोडला. अशी गाडी मी घेतली. आवाजाला भुललो, खोटं कशाला बोलू.

फेल झाल्यावर पहिला सल्ला मित्राचा. "काय करायलास गा डोक्याला ताप? शिनोळीला जा, पलीकडं महाराष्ट्रात पीयूसी काढ, कागद इकडं चालतंय." कागद चालतो, खरं आहे. आपण एमिशन म्हणतो, ते पीयूसी म्हणतात, दोन्हीकडचा डेटा एकाच ठिकाणी जातो. पण मर्यादाही एकच आहे. हे आकडे केंद्राच्या मोटार वाहन नियमांतले आहेत, सीमा ओलांडली म्हणून ०.५ चं ३ होत नाही. त्याच्या सल्ल्याचा खरा अर्थ होता, पाइपात नळी न घालता कागद देणारा कुणीतरी शोध. तसले दोन्हीकडं आहेत. तो रस्ता तुमचा तुम्हाला माहीत, या व्हिडिओत नाही.

टेस्टला जायच्या आधी आरसी काढून आपली गाडी कुठल्या नॉर्म्सची, म्हणजे कुठल्या भारत स्टेजची (बीएस) आहे ते बघा. मर्यादा त्यावर ठरते. पेट्रोलची चारचाकी बीएस-टूच्या आधीची असेल तर सीओ ३ टक्के, एचसी १५००. बीएस-टू, बीएस-थ्री असेल तर ०.५ आणि ७५०. माझी बीएस-टूची. बीएस-फोर असेल तर ०.३ आणि २००, शिवाय २५०० आरपीएमला धरून वेगळी टेस्ट. एक-दोन वर्षांच्या फरकानं माणूस ३ टक्क्यांतून अर्ध्या टक्क्यात येतो.

आता मशीन काय करतं? पाइपातून धूर ओढून घेतं आणि त्यातून इन्फ्रारेड किरण सोडतं. कार्बन मोनॉक्साइड ठराविक तरंगलांबीचे किरण गिळतो, हायड्रोकार्बन दुसऱ्या लांबीचे. किती गिळले त्यावरून आकडा. बस. त्याला तुमचा हेडर दिसत नाही, स्टिकर दिसत नाहीत. जे बाहेर पडतंय तेवढंच त्याला कळतं.

म्हणून आकडे वाचायला शिका. चुलीत लाकडं गच्च कोंबली आणि वारा मिळेना, तर अर्धवट जळतं, तसा सीओ. पेट्रोल जास्त, हवा कमी, मिक्स्चर रिच. एचसी म्हणजे जे पेटलंच नाही, तसंच्या तसं बाहेर आलं. प्लग मिस मारतोय, डिस्ट्रिब्युटरची कॅप झिजलीय, नाहीतर मिक्स्चर इतकं लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, की ठिणगी धरत नाही. कुणी हॉट कॅम (वॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट) टाकला असेल तर आयडलिंगला इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही वॉल्व्ह जरा वेळ एकत्र उघडे राहतात, ताजं पेट्रोल सरळ सायलेन्सरकडं. तिथं एचसी वाढतो. माझा कॅम स्टॉक आहे, एचसी ठीक, सीओ चौपट. म्हणजे रिच. का रिच, एवढाच प्रश्न.

(कॅमेरा गाडीखाली, हेडरजवळ)

आणि उत्तर इथं होतं. हा जोड बघा. हेडरच्या चार नळ्या दोनात येतात तिथल्या वेल्डिंगला केसाएवढी चीर होती. तुम्ही म्हणाल, चिरीतून धूर बाहेर जाईल, आत काय बिघडणार? बिघडतं. एक्झॉस्टमध्ये दाब सलग नसतो, ठोके असतात, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. त्या वेळी चिरीतून हवा आत ओढली जाते. चिरीच्या पुढं ऑक्सिजन सेन्सर बसलाय. त्याला जादा ऑक्सिजन दिसला की तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, गाडी लीन आहे. ईसीयू इमानदारीनं पेट्रोल वाढवतो. सेन्सर खोटं बोलत नाही, ईसीयू चुकत नाही, आणि सीओ २.१.

सापडली कशी, ते दाखवतो. गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी स्टार्ट केली आणि गरम व्हायच्या आत एकानं मागं जाड ओलं फडकं धरून पाइपाचं तोंड क्षणभर दाबलं, मी पुढं साबणाचं पाणी शिंपडलं. जोडाजवळ बुडबुडे. मल्टिमीटरनंही खात्री केली. गरम गाडीत सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखा वरखाली नाचला पाहिजे. माझा ०.१५ च्या आसपास झोपलेला.

उद्यमबागेत आर्गॉन वेल्डिंग करणारे पुष्कळ. अख्ख्या बेळगावची फाउंड्री आणि लेथ तिथं, माझा हेडर त्यांच्यासमोर म्हणजे किरकोळ काम. फक्त चीर भरून घेऊ नका, जुनं वेल्डिंग घासून पूर्ण नव्यानं मारायला सांगा, नाहीतर महिन्यात शेजारी दुसरी चीर. डाउनपाइपचा गॅस्केट बदलला. परत टेस्ट. सीओ ०.८.

२.१ वरून ०.८, आणि अजून कशालाही पैसे घातले नव्हते, वेल्डिंग आणि गॅस्केट सोडून. पण पास नाही. इथून पुढं ट्यूनिंगनं ओढाताण करून उपयोग नव्हता, कारण मिक्स्चर अगदी बरोबर असलं तरी इंजिनातून थोडा सीओ बाहेर पडतोच. तो संपवायचं काम कॅटकॉनचं, आणि तो माझ्याकडं नव्हता. टेस्टवाला पोरगा एवढ्यापुरता बरोबर.

कॅटकॉनच्या आत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. म्हणूनच भंगारवाले त्यावर टपलेले असतात. जुन्या गाडीचा काढलेला घेऊ नका, आतली जाळी फुटलेली किंवा तेलानं माखलेली निघते. मी नवा धातूच्या जाळीचा घेतला आणि शक्य तेवढा हेडरजवळ बसवला. कारण साधारण २५० ते ३०० अंशांच्या खाली तो कामच करत नाही. मागं डिकीखाली बसवला तर आयडलिंगला थंड पडतो. ताकद कमी झाली का? असेल एखादा घोडा. मला तरी जांबोटीच्या चढाला काही फरक कळला नाही.

जांबोटीचं नाव निघालं म्हणून. गोव्याकडून चोर्ला घाटानं कार्ब्युरेटरची जुनी मारुती झेन घेऊन येणारे दोस्त आहेत माझे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, हवा विरळ. खाली जुळवलेला कार्ब्युरेटर वर आला की आपोआप रिच होतो. टेस्ट इथं करायची तर स्क्रूही इथंच जुळवा. इंजेक्शनच्या गाडीला ही चिंता नाही, ती दाब मोजते.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या उसाच्या पट्ट्याला नवल नाही, इथल्या कारखान्यांतूनच इथेनॉल जातं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के, त्यामुळं ई-२० असलं की तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त पेट्रोल लागतं. सेन्सर चांगला असेल तर ईसीयू ते भरून काढतो. कार्ब्युरेटर काढत नाही. सीओ खाली येतो म्हणून माणूस खूश, आणि लीन मिसनं एचसी वर. माझ्या गाडीत जुन्या रबरी पेट्रोल नळ्याही मऊ पडल्या होत्या, त्या बदलल्या.

मग टेस्टच्या दिवशी गाडी घरातून काढून सरळ सेंटरला नेऊ नका. मी पिरनवाडीवरून खानापूर रस्त्याला वळलो, तिसऱ्या गिअरमध्ये धरून वीस मिनिटं चालवली, आलो आणि इंजिन बंद न करता रांगेत उभा राहिलो. पुढं तीन रिक्षा. तेवढ्यात थंड होईल म्हणून अधूनमधून रेस देत होतो, रिक्षावाले वळून बघतायत.

(कॅमेरा सायलेन्सरच्या तोंडाशी)

टेस्टची नळी निदान ३०० मिलिमीटर आत गेली पाहिजे. माझ्या सायलेन्सरच्या आत बॅफल, म्हणजे आवाज दाबणारा तुकडा आहे, नळी बोटभर जाऊन अडली. अशा वेळी बाहेरची हवा मिसळते आणि आकडा कमी येतो. आनंदाची गोष्ट वाटते, पण चार वायूंचं मशीन असेल तर त्यावर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) बघा. तो १४-१५ टक्क्यांच्या आसपास नसून ९ दाखवत असेल, तर तुम्ही धूर नाही, हवा मोजताय. मी दोन स्क्रू काढून बॅफल बाहेर घेतलं, नळी पूर्ण घातली.

सीओ ०.०९. एचसी ६२. सीओटू १४.६.

पोरगा म्हणाला, "अण्णा, हीच गाडी काय?"

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. एमिशन पास झाली म्हणजे मॉडिफिकेशन कायदेशीर झालं असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वेगळं आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालत नाहीत. आणि एमिशनचं सर्टिफिकेट नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत, तोही वेगळाच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करताना गाडी आरटीओत दाखवावी लागते, माझी पुढची वेळ २०२८. म्हणून फिल्टरचा मूळ डबा मी शोधून परत बसवलाय. हा बघा, कोन फिल्टर गेला. सायलेन्सरचं मन अजून होईना.

बीएस-फोरच्या आधीच्या गाडीचं सर्टिफिकेट सहा महिनेच चालतं. तेवढ्यात हेडरचा दुसरा जोडही उद्यमबागेत नेऊन तपासून घेणार आहे, साबणाची बाटली डिकीतच ठेवलीय.