डंक मारायचा नाही!

मार्च १९६७. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची फायनल झाली, यूसीएलएने (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी) सीझनच्या ३० पैकी ३० मॅच जिंकल्या, आणि त्यांच्या टीममध्ये न्यूयॉर्कचा एक सात फुटांच्या वरचा पोरगा होता, लू अल्सिंडर. म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार. त्याच्या हातात रिंगजवळ बॉल गेला की विषय संपला. डिफेन्सवाल्याने फक्त बघायचं.

फायनल होऊन काही दिवस झाले नाहीत तोच रूल्स कमिटी बसली आणि जाहीर करून टाकलं, पुढच्या सीझनपासून डंक, म्हणजे उडी मारून बॉल वरून थेट रिंगमध्ये कोंबणं, बंद. मारलाच तर बास्केट धरणार नाही आणि वरून टेक्निकल फाउल, म्हणजे समोरच्या टीमला मोकळा शॉट. कारणं काय, तर प्लेयरना लागतं, रिंग वाकतात, बोर्ड फुटतात, आणि मुळात या शॉटला डिफेन्सच नाही. आता दुखापतीचं वगैरे ठीक आहे, पण लोक त्याला सरळ अल्सिंडर रूलच म्हणायला लागले. अल्सिंडर स्वतःही गप्प बसला नाही, तेव्हाच बोलला की डंक मारणारे बहुतेक जण ब्लॅक प्लेयर आहेत, मला यात भेदभावाचा वास येतो. आणि हे उगाच नव्हतं, कारण त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ च्या फायनलमध्ये टेक्सस वेस्टर्नने पाचही ब्लॅक प्लेयर घेऊन सुरुवात केली होती, समोर केंटकीची सगळी गोरी टीम, आणि मॅच सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तर डेव्हिड लॅटिनने पॅट रायलीच्या अंगावरून डंक मारला. टेक्सस वेस्टर्न जिंकलं. हे सगळं कमिटीने बघितलेलं होतं, एवढंच म्हणतो.

तसं उंच पोरांचं काय करायचं हा प्रश्न जुनाच. १८९१ साली नेस्मिथ सरांनी स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएमध्ये गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या, तो कठडा होता १० फुटांवर, म्हणून रिंग आजही १० फुटांवर. बस, एवढंच कारण. १९३६ मध्ये जो फोर्टनबेरी नावाचा ६ फूट ८ इंचाचा ऑलिंपिकवीर वरून बॉल आत टाकताना दिसला तेव्हा पत्रकार चाट पडले होते. नंतर ओक्लाहोमाचा सात फुटी बॉब कर्लंड आला, त्याच्यासारख्यांमुळे खाली पडत येणारा बॉल अडवायला बंदी घातली. मग विल्ट चेंबरलेन, त्याच्याबद्दल भीती अशी की हा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉटसुद्धा उडी मारून डंकच करेल, तर तिथेही नियम बदलला. कॅन्ससचे कोच फॉग अ‍ॅलन तर कित्येक वर्षं सांगत फिरायचे की रिंग १२ फुटांवर न्या. (विल्टला कॅन्ससला आणलं कोणी? ह्याच अ‍ॅलननी.) १९५४ मध्ये एनबीएने, म्हणजे तिथल्या प्रो लीगने, एका मॅचला खरंच १२ फुटांवर रिंग लावून बघितली. प्रयोग तिथेच सोडून दिला.

तर १९६७ ची बंदी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. अल्सिंडरला त्याचे कोच जॉन वूडन म्हणाले की यामुळे तू अजून चांगला प्लेयर होशील, आणि ते खरं ठरलं, कारण आता वरून कोंबता येत नाही म्हटल्यावर त्याने आपला हूक (एका हाताने डोक्यावरून फेकायचा शॉट) घोटून घोटून असा केला की बॉल हाताच्या टोकावरून, डिफेंडरच्या पार वरून जायचा. तोच स्कायहूक. यूसीएलए १९६८ ला जिंकलं, १९६९ ला पण जिंकलं, आणि हा माणूस एनबीएमधून रिटायर झाला तेव्हा ३८,३८७ पॉइंट होते, जो रेकॉर्ड २०२३ पर्यंत कोणी मोडला नाही. ज्याला थांबवायला नियम केला त्याला असा शॉट मिळाला की तो थांबवायला कुठलाच नियम नव्हता.

दुसरीकडे नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये डेव्हिड थॉम्पसन. उंची ६ फूट ४, पण उडी अशी की विचारू नका. त्याचा गार्ड मॉन्टी टोव जेमतेम ५ फूट ७. हा खालून बॉल रिंगच्या वर फेकायचा, थॉम्पसन हवेतच धरायचा आणि डंक करता येत नाही म्हणून हळूच आत सोडायचा. अ‍ॅली-ऊप देशभर गाजलं ते या जोडीमुळे. १९७५ मध्ये होम ग्राउंडवरची त्याची शेवटची मॅच होती, तेव्हा गड्याने सगळं धाब्यावर बसवून एक सणसणीत डंक मारला. बास्केट रद्द, टेक्निकल फाउल, आणि पब्लिकने हॉल डोक्यावर घेतला.

आणि ज्युलियस अर्विंग, डॉक्टर जे. हा मॅसॅच्युसेट्सच्या कॉलेजमध्ये खेळला ती वर्षं नेमकी बंदीची, म्हणजे त्या जमान्यातला सगळ्यात भारी डंकर कॉलेजच्या मॅचमध्ये डंक मारू शकत नव्हता. उन्हाळ्यात हार्लेमच्या रकर पार्कमध्ये मात्र कोण अडवणार, तिथे लोक त्याला बघायला गर्दी करायचे.

मग एबीए, एनबीएला टक्कर देणारी दुसरी प्रो लीग. लाल-पांढरा-निळा बॉल, पैशाची कायम बोंब, पण डंक मारायला पूर्ण मोकळीक. २७ जानेवारी १९७६, डेन्व्हर, ऑलस्टार मॅच. तिकिटं खपावीत म्हणून गाण्याचा कार्यक्रम ठेवलेला, आणि हाफटाइमला पहिली डंक कॉन्टेस्ट. बक्षीस १,००० डॉलर आणि एक स्टिरिओ सेट. थॉम्पसनने गोल फिरून ३६० मारला, ज्यासाठी आदल्या वर्षी फाउल बसला असता. शेवटी अर्विंग. फ्री थ्रो लाइनपासून उलट्या दिशेने पावलं मोजत पार लांब गेला, वळला, पळत आला आणि लाइनवरून उडाला. बारीक बघितलं तर पाय जरासा लाइनच्या पुढे आहे, असू दे. जिंकला तोच. त्याच वर्षी एबीए बंद पडून त्यातल्या चार टीम एनबीएत गेल्या, आणि त्याच वर्षी कॉलेजवाल्यांनीही बंदी उठवली.

बोर्ड फुटतात हे कारण मात्र अगदीच खोटं नव्हतं हां. नोव्हेंबर १९७९, कॅन्सस सिटीत फिलाडेल्फियाच्या डॅरिल डॉकिन्सने असा डंक मारला की काचेचा बोर्ड चुरा होऊन सगळ्यांच्या अंगावर. तीन आठवड्यांनी घरच्या मैदानावर परत तेच. वर गडी आपल्या डंकला मालगाडीएवढी लांब नावं ठेवायचा. एनबीएने दंड आणि सस्पेन्शनची धमकी दिली, पण खरा उपाय काढला आर्थर एरॅट नावाच्या माणसाने, जो इलिनॉयमध्ये धान्याच्या गोदामात काम करायचा. त्याचा भाचा कॉलेज कोच, त्याचं रडगाणं की पोरं रिंग वाकवतात. एरॅटने शेतीच्या कल्टिव्हेटरची स्प्रिंग घेतली आणि रिंगला अशी बसवली की १२५ पाउंडापर्यंत वजन आलं तर रिंग हलत नाही, त्याच्या वर गेलं की खाली झुकते आणि सोडली की परत जागेवर. पेटंट मिळालं १९८२ मध्ये. कमिटीने नऊ सीझन डंक बंद ठेवला तो प्रश्न गोदामवाल्याने एका स्प्रिंगमध्ये सोडवला, मला या सगळ्या स्टोरीत हाच माणूस सगळ्यात आवडतो.

त्यानंतरचं तुम्ही रील्समध्ये बघितलेलंच असतं. एनबीएच्या डंक कॉन्टेस्टमध्ये १९८६ ला ५ फूट ७ इंचाचा स्पड वेब जिंकला, १९८८ ला शिकागोत घरचा जॉर्डन १४७ पॉइंट आणि डॉमिनिक विल्किन्स १४५, आणि हो, डॉमिनिकच्या शेवटच्या डंकला ५० पैकी फक्त ४५ देणं हा घरच्या पब्लिकचा प्रभाव होता, हे माझं मत, कमेंटमध्ये भांडा.

पण एक डंक बराच काळ कोणाला बघायलाच मिळाला नाही. २१ डिसेंबर १९८४, वेस्ट व्हर्जिनियातलं एल्किन्स गाव, जॉर्जिअॅन वेल्सने एका हाताने डंक मारला, बायकांच्या कॉलेज मॅचमधला पहिला. शूटिंग फक्त समोरच्या टीमकडे, आणि त्यांचा कोच टेप द्यायला तयारच होईना. डब्ल्यूएनबीए या बायकांच्या प्रो लीगमधला पहिला डंक लिसा लेस्लीचा, जुलै २००२, तो टीव्हीवर सगळ्यांनी बघितला. वेल्सची टेप तेव्हाही बाहेर आलेली नव्हती. कोच वारल्यावर त्याच्या मुलाने ती शोधून दिली आणि २००९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, लोकांनी तो डंक बघितला.