कासवावर चढायचं कुठून?

(दृश्य : मुंबई, हुतात्मा चौक. फुटपाथवर रचलेली जुनी पुस्तकं. एक हात पुस्तक उचलतो, मागचा मजकूर वाचतो, परत ठेवतो.)

फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याला मालिका-बिलिका कळत नाही. ढिगात चौथा भाग वर असतो, एकविसावा तळाशी, आणि पहिला कुणीतरी कालच नेलेला असतो. माझ्या हाती मात्र नेमका पहिलाच लागला. म्हटलं, नशीब काढलं. साठाव्या पानावर ते पुस्तक मिटलं, ते सहा वर्षं उघडलं नाही.

पुस्तक होतं 'द कलर ऑफ मॅजिक', डिस्कवर्ल्ड या इंग्रजी मालिकेतलं पहिलं. लेखक टेरी प्रॅचेट. १९८३ साली इंग्लंडमध्ये या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीच्या ५०६ प्रती निघाल्या होत्या. फक्त ५०६. प्रॅचेट तेव्हा तिथल्या वीज मंडळात नोकरीला होते, अणुवीज केंद्रांच्या प्रसिद्धीचं काम बघायचे. १९८७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि मग लिहितच राहिले. डिस्कवर्ल्ड मालिकेच्या कादंबऱ्या भरल्या ४१.

(दृश्य : कासव, पाठीवर चार हत्ती, हत्तींवर तबकडी. कॅमेरा हळूहळू मागे सरकतो.)

डिस्कवर्ल्ड म्हणजे तबकडीसारखं सपाट जग. ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर, आणि कासव अवकाशात पोहत चाललेलं. आपल्याला यात फार नवल वाटू नये. गाभाऱ्याकडे जाताना सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून तो कपाळाला लावणारी माणसं आपण. पाठीवर मंदार पर्वत पेललेलं कासवही आपल्या ओळखीचं.

प्रश्न एवढाच की या कासवावर चढायचं कुठून?

साधं उत्तर, पहिल्या पायरीवरून. इथे ते चुकतं. पहिली दोन पुस्तकं ही चेष्टा आहे. त्या काळात इंग्रजीत तलवारी, जादूगार आणि ड्रॅगन यांच्या कादंबऱ्यांचं पीक आलं होतं, त्याची टर उडवलेली. ज्याची नक्कल चाललीय तो माणूस आपण पाहिलेलाच नसला, तर नकलेला हसायचं कसं? साठाव्या पानावर माझं तेच झालं. पानापानावर कुणीतरी डोळा मारत होतं, आणि मी मागे वळून बघत होतो की हा कुणाला मारतोय.

त्यात ही ४१ पुस्तकं एका रांगेत उभीच नाहीत. जग एक, पण त्यात बिऱ्हाडं वेगवेगळी. एका घरात भित्रा जादूगार रिन्सविंड. एका घरात चेटकिणी. एकीकडे शहराचे पहारेकरी, एकीकडे खुद्द मृत्यू. टपालखातं चालवायची शिक्षा झालेला एक भामटाही आहे. ज्याच्याकडे जायचं त्याचं दार वाजवा, शेजारी नंतर ओळखीचे होतात.

(दृश्य : धुकं, ओला फरसबंदी रस्ता, बुटांचा आवाज.)

बहुतेकांना मी पहारेकऱ्यांच्या दारात नेऊन सोडतो. 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!', १९८९. शहराचं नाव अँक-मॉरपॉर्क. इथे चोरांची अधिकृत संघटना आहे आणि चोरी झाली की पावती मिळते. रात्रपाळीचा कॅप्टन सॅम व्हाइम्स पहिल्यांदा भेटतो तो दारू पिऊन गटारात पडलेला. पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेतच सगळं आलंय. तिसऱ्या प्रकरणात खोलीत धावत शिरायचं, नायकावर एकेकट्याने चालून जायचं आणि मरायचं, एवढंच काम असलेल्या शिपायांना ते अर्पण केलंय. आपल्या ऐतिहासिक सिनेमांतही शत्रूचे शिपाई असेच शिस्तीत, एकामागून एक येतात. त्यांना कधी कुणी विचारलंय?

पहारेकऱ्यांच्या पुढच्याच पुस्तकात, 'मेन ॲट आर्म्स'मध्ये, व्हाइम्सचे बूट आहेत. त्याचा पगार महिना ३८ डॉलर. चांगले चामड्याचे बूट ५० डॉलरचे, ते वर्षानुवर्षं टिकतात. त्याला परवडतात ते १० डॉलरचे. त्यांच्या तळाला पुठ्ठा असतो, एक-दोन हंगामांत तो जातो आणि पाणी आत येतं. श्रीमंताचे पाय दहा वर्षांनीही कोरडे. गरिबाने तेवढ्या काळात १०० डॉलर घातले तरी मोजे ओलेच. व्हाइम्सला या पातळ तळांचा एकच फायदा होतो. धुक्यातसुद्धा पायाखालच्या दगडांवरून त्याला कळतं, आपण कुठल्या गल्लीत आहोत. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवी छत्री घेणाऱ्या माणसाला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

(दृश्य : पांढरा घोडा. मागे काळा झगा.)

मृत्यूचं दार म्हणजे 'मॉर्ट', १९८७. मृत्यू हा सांगाडा आहे, त्याला मांजरं आवडतात, आणि एका मुलाला तो उमेदवारीवर ठेवून घेतो. त्याला घेऊन करी खायलाही जातो. आपला यम रेड्यावरून येतो, हा पांढऱ्या घोड्यावरून, आणि घोड्याचं नाव बिंकी. गंमत त्याच्या बोलण्यात आहे. तो बोलतो कॅपिटल अक्षरांत, अवतरणचिन्हांशिवाय. आता देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत. मराठीत आणायचं तर काय करावं? ठळक टाइप? मी तर त्याच्या वाक्यांची शिरोरेषा काढून टाकीन. छप्पर उडालेली अक्षरं.

चेटकिणींकडे जायचं असेल तर 'विअर्ड सिस्टर्स'. मॅकबेथ वाचलेलं असलं, निदान शिरवाडकरांचं 'राजमुकुट' पाहिलेलं असलं, तरी पुरे. त्यांच्यातल्या ग्रॅनी वेदरवॅक्स या चेटकिणीबद्दल इथे जास्त बोलत नाही, ती कुणाच्याही गावात सापडेल.

(दृश्य : मळा. कंपोस्टच्या ढिगात उलटं पडलेलं कासव.)

पण मराठी वाचकासाठी माझी निवड विचाराल, तर ती यांपैकी कुठलीच नाही. 'स्मॉल गॉड्‌स', १९९२. एकटं पुस्तक, मागचं-पुढचं काही ठाऊक असायची गरज नाही.

ओम्निया नावाचा देश. देवाचं नाव ओम. धर्मपीठ प्रचंड, छळ करणारं खातं त्याहून प्रचंड. हा देव एकदा पृथ्वीवर रुबाबात प्रकट व्हायला निघतो आणि होतो एक कासव. एका डोळ्याचं, रागीट. गरुड त्याला उचलतो, वरून सोडतो, आणि ते खरबुजांच्या मळ्यात पडतं. तिथे ब्रूथा नावाचा पोरगा तण काढतोय. त्याला लिहिता-वाचता येत नाही, पण ऐकलेलं काही विसरतही नाही. कासवाचं बोलणं ऐकू येतं ते फक्त त्याला. कारण लाखो लोक प्रार्थना करत असले तरी त्यांचा विश्वास धर्मपीठाच्या भीतीवर आहे. देवावर विश्वास ठेवणारा एकटा ब्रूथा उरलाय. तोही गेला तर देवाचा आवाजच संपेल.

पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर कुणीतरी अठ्ठावीस युगं उभं आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. भक्तावाचून देवाचं अडतं, ही कल्पना आपल्याला पचवावी लागत नाही. प्रॅचेट तिथून सुरू करतात आणि अवघड प्रश्न विचारतात. बरं, मग देव भक्ताचं काय देणं लागतो? शिवाय एक खोडी आहेच. ओम्नियाचं धर्मपीठ शिकवतं की जग गोल आहे. ते सपाट आहे, कासवावर आहे, असं म्हणणाऱ्याला तिथे शिक्षा होते.

शेवटच्या पुस्तकांपासून मात्र सुरुवात करू नका. २००७ मध्ये प्रॅचेटना अल्झायमरचं निदान झालं. पुढची पुस्तकं त्यांनी बरीचशी तोंडी सांगून लिहिली. १२ मार्च २०१५ ला ते गेले, त्याच वर्षी ४१वं पुस्तक आलं. ते निरोपाचं आहे, आणि निरोप ओळखीच्या माणसाचा घ्यायचा असतो.

(दृश्य : वाफेवर चालणारा जुना रोडरोलर. खडी दबल्याचा आवाज.)

बेचाळिसावं येणार नाही याची सोय त्यांनी करून ठेवली होती. त्यांच्या इच्छेप्रमाणे २०१७ च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या जत्रेत, अपुऱ्या लेखनाची हार्ड डिस्क रोडरोलरखाली घातली.

(दृश्य : पुन्हा तेच जुनं पुस्तक. साठाव्या पानात घातलेलं लोकलचं तिकीट.)

'द कलर ऑफ मॅजिक' मी शेवटी वाचलं, नवव्या क्रमांकावर. सुरुवातीलाच शहर पेटलेलं आहे. विमा म्हणजे काय हे एका गुत्तेवाल्याला नुकतंच कळलंय, त्याचा हा परिणाम. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कुठलंतरी शहर जळत होतं. या खेपेला मी आधी बघितलं, आग व्हाइम्सच्या गल्लीपर्यंत तर आली नाही ना.