पाठीवरचा पंप आणि काचेची कुपी

(दृश्य : जळगाव जिल्ह्यातलं कपाशीचं शेत)

श्रावणातली उघडीप. फवारणी जोरात सुरू आहे. पाठीवरच्या पंपाचं झाकण झिरपतंय, बनियन ओलीचिंब झालीय. "अंगवर पडनं त काय व्हस?" शेतात हे सहज बोललं जातं. या प्रश्नाचं उत्तर मोजून काढता येतं.

(दृश्य : प्रयोगशाळा)

ही काचेची कुपी म्हणजे फ्रान्झ डिफ्युजन सेल, कातडीतून रसायन किती आणि किती वेगाने आत उतरतं ते मोजणारं उपकरण. खानदेशातल्या फार्मसी कॉलेजांत मलम, जेल हिच्यावरच तपासतात. थॉमस फ्रान्झ यांनी 1975 मध्ये 12 रसायनांचे असे आकडे काढले आणि माणसांवर आधी मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहिले.

कुपीचे दोन कप्पे. मधे कातडी ताणून बसवलेली, बहुधा डुकराच्या कानाची, कारण ती आपल्या कातडीच्या बरीच जवळची. वर औषध, खाली रक्ताच्या जागी बफर, म्हणजे आम्लता कायम राखणारा द्रव. तळाशी चुंबकाची कांडी फिरत राहते. भोवती कोमट पाणी खेळवून कातडीचा पृष्ठभाग 32 अंशांवर धरतात. ठरल्या वेळी बाजूच्या नळीतून थोडा द्रव काढायचा आणि तेवढाच ताजा, त्याच तापमानाचा, भरायचा. कातडीखाली हवेचा एक बुडबुडा अडकला, तरी तेवढ्या जागेतून काहीच उतरत नाही आणि आकडा फसवा येतो. म्हणून हात सराईत लागतो.

खरी राखण करतो तो सगळ्यात वरचा, मृत पेशींचा थर. जाडी बहुतेक ठिकाणी फक्त 10 ते 20 मायक्रोमीटर. घामाने तो फुगला, अंग तापलं, की वाट सैल होते. आपल्या शेतात दोन्ही एकदम होतं. कुपीतले 32 अंश तिथे कुठले!

शिवाय कातडी सगळीकडे सारखी नसते. 1967 मध्ये माणसांवर हायड्रोकॉर्टिसोन हे कातडीला लावायचं औषध मोजलं, तेव्हा कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूच्या तुलनेत पाठीतून पावणेदोन पट आत गेलं, अंडकोषाच्या कातडीतून 42 पट. पंपाचं पाणी पाठीवरून कमरेखाली, तिकडेच ओघळतं. हे फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

(दृश्य : संध्याकाळ, अंगणातला नळ)

कुपीत वरचं रसायन धुऊन टाकल्यावरही नमुने घेणं थांबत नाही, अनेकदा 24 तासांपर्यंत चालतं. थरात मुरलेलं खाली उतरतच असतं. इथे दादा आधी बनियन काढून वेगळी टाकतो, मग साबण मागतो. पोरगं धावत येतं. तो हातानेच त्याला लांब थांबवतो.