कडेच्या वाफ्याची नवी मांडणी

नमस्कार श्रोतेहो.

घरच्या बागेत सगळ्यात जास्त हेळसांड कुणाची होत असेल, तर ती कुंपणालगतच्या लांबट वाफ्याची. कुणी दिलेली फांदी तिथं खोचायची, रोपवाटिकेत फुललेलं दिसलं म्हणून आणलेलं रोप तिथंच लावायचं. काही वर्षांनी बघावं तर जास्वंद कुंपणाच्या वर गेलेली, मध्ये कर्दळीची दाटी, पुढे तण आणि फुलं मोजकीच. मग आपण म्हणतो, चला, नवीन रोपं आणूया. माझं म्हणणं उलटं आहे. रोपवाटिकेत जायचं ते सगळ्यात शेवटी. आधी काय काढायचं ते ठरवू.

एक दिवस वाफ्याकडे नुसतं बघा. सकाळी, दुपारी आणि कलत्या उन्हात सावली कुठं पडते ते पाहा. थेट ऊन सहा तास मिळत नसेल, तर भरपूर ऊन मागणारी फुलझाडं तिथं रुसणारच. भिंतीच्या अगदी पायथ्याची माती बहुधा कोरडी असते, कारण भिंत पाऊस अडवते. तिथं 40-45 सेंटिमीटर जागा मोकळी सोडलेली बरी. पुढे छाटणीसाठी मागे शिरायलाही वाट राहते.

आता एक गंमत करा. मोबाइलवर वाफ्याचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. रंग गेल्यावर सगळं एकसारखं करडं दिसलं, तर दोष फुलांचा नाही, पानांचा आहे. जास्वंद, तगर, एक्झोरा ओळीनं लावले की हिरवा पडदा तयार होतो, त्यात नजर कुठं ठरतच नाही. मध्ये कर्दळीचं रुंद पान आलं, पुढे स्पायडर लिलीची पट्ट्यांसारखी लांब पानं आली, की तीच झाडं उठून दिसतात. बहर येतो आणि ओसरतो, पानं मात्र बराच काळ डोळ्यांसमोर असतात. म्हणून मी निवड पानांपासून सुरू करते.

जुन्यातलं बरंच काही वापरता येतं. दाटलेली कर्दळ घ्या. आदल्या दिवशी पाणी द्या. दांडे वीतभर ठेवून कापा आणि फावडं बुंध्यापासून जरा लांब घालून सगळा गड्डा उचला. माती झटकलीत की मधले जुने, सुरकुतलेले कंद दिसतील. ते कंपोस्टच्या ढिगात टाका. कडेचे टणक, फुगीर कंद हवेत. दोन-तीन डोळे येतील असा तुकडा धारदार सुरीनं कापायचा. एका गड्ड्यातून पूर्ण वाफ्याला पुरतील एवढी रोपं होतात, तीही फुकट.

मग आलेखाचा कागद घ्या. प्रत्यक्षातला एक मीटर म्हणजे कागदावर 2 सेंटिमीटर. प्रत्येक झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं पसरेल, तेवढं वर्तुळ काढा, आजच्या पिशवीएवढं नव्हे. समजा, वाफा 4 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे, म्हणजे 6 चौरस मीटर. रोपांत 40 सेंटिमीटर अंतर धरलं तर साधारण 37 रोपं मावतात, आणि मोठी झुडपं घेतलीत तर त्याहून कमीच. पण जाती सहा-सातच ठेवा हं! एकाच जातीची तीन किंवा पाच रोपं एकत्र लावा आणि तोच पुंजका थोड्या अंतरावर पुन्हा येऊ द्या. वाफा एकसंध दिसतो तो या पुनरावृत्तीमुळे.

रंगांबद्दल रेडिओवर बोलणं जरा अवघडच. इंग्लंडमधल्या गर्ट्रूड जेकिल (1843–1932) चित्रकलेकडून बागेकडे वळल्या, आणि त्यांची नजर अधू होती. आपल्या मनस्टेड वूड इथल्या लांबलचक वाफ्यात त्यांनी दोन्ही टोकांना निळे-फिकट रंग ठेवले आणि मध्याकडे पिवळा, केशरी, लाल असे रंग तापवत नेले. चार मीटरमध्ये एवढा प्रवास बसत नाही. आपण एकच बाजू निवडावी, एक तर तापलेले रंग किंवा शांत रंग. पांढरं मात्र एकत्र लावा. सुटंसुटं लावलं की कागदाचे कपटे पडल्यासारखं दिसतं.

उंच झाडं मागे, बुटकी पुढे हा नियम ठीक आहे, पण फार शिस्तीत पाळू नका. कॉसमॉससारखं विरळ, आरपार दिसणारं झाड पुढे आलं तरी चालतं.

आता यादी घेऊन रोपवाटिकेत जा. यादीबाहेरचं एखादं रोप हाताला लागलंच, तर ते कुंडीत लावा. घरी आल्यावर लगेच खड्डे खणू नका. रोपं पिशव्यांसकट जागेवर मांडा आणि जिथून तुम्ही रोज बघता, त्या खिडकीतून बघा. सरकवायचं ते आत्ताच सरकवा. मातीत कंपोस्ट मिसळून ठेवलेलं असू द्या. रोप पिशवीत होतं तेवढ्याच खोलीवर लावा, भरपूर पाणी द्या आणि वर पालापाचोळ्याचा 5 सेंटिमीटरचा थर पसरा, फक्त खोडाला चिकटू देऊ नका.

नवा वाफा सुरुवातीला उघडाबोडका वाटेल. झुडपांना पसरायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर मधल्या जागेत झेंडू, झिनिया, सदाफुली खुशाल लावा. झुडपांची टोकं एकमेकांना भिडली, की त्या वर्षी झेंडूचं बी टाकायचं नाही.