गृहकर्जाची फाईल कुणाच्या हातात द्यावी?

(नागपुरातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार. मी सत्तावीस वर्षं बँकेत होते, त्यातली बरीचशी गृहकर्ज विभागात गेली. निवृत्त झाल्यावरही शेजारी, नातेवाईक, मुलांचे मित्र एकच प्रश्न घेऊन येतात : "मॅडम, एजंटकडून करू, की थेट बँकेत जाऊ?" विचारणाऱ्याच्या मनात व्याजदर असतो. मी मात्र आधी विचारते, घराचे कागद कसे आहेत? नागपुरात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा कागदांतच सापडतं.

आधी एजंट कोण ते समजून घेऊ. बँकेच्या भाषेत तो डीएसए, म्हणजे बँकेसाठी कर्जाचे ग्राहक आणणारा डायरेक्ट सेलिंग एजंट. त्याचं कमिशन बँक देते, कर्जाच्या रकमेवर देते आणि कर्ज वाटप झाल्यावरच देते. म्हणून तो तुम्हाला फुकट वाटतो. पण कर्ज मोठं व्हावं, लवकर व्हावं आणि जिथे कमिशन बरं तिथून व्हावं, याकडे त्याचा ओढा असणारच. त्याचं पोट त्यावर आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. थेट बँकेत गेलात तरी समोरच्या अधिकाऱ्यालाही टार्गेट असतं, हे मी स्वतः त्या खुर्चीत बसून अनुभवलं आहे. तो फक्त आपल्या बँकेची योजना सांगेल. रस्त्यापलीकडच्या बँकेत पाव टक्का कमी आहे, हे तो सांगणार नाही. आणि ३० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जावर साडेआठऐवजी पावणेनऊ टक्के दर पडला, तर हप्ता २६,०३५ वरून २६,५११ होतो. महिन्याचे पावणेपाचशे म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण वीस वर्षांत तेच एक लाख चौदा हजारांच्या घरात जातात.

आता कागदांकडे येते. आपल्या शहराभोवती शेतं मोडून किती ले-आउट झाले, ते तुम्ही पाहिलंच आहे. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर भागात राहणाऱ्यांना '५७२' आणि '१९०० ले-आउट' (अनधिकृत ले-आउटच्या याद्यांची ही नावं) हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीविना पाडून विकलेले छोटे प्लॉट. तिचा कायदा २००१ चा. त्याखाली नागपूर सुधार प्रन्यासकडून प्लॉट नियमित झाला की मिळतं ते आरएल लेटर, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र. काही बँकांना आरएल पुरतं, काहींचे पॅनेलवरचे वकील मंजूर नकाशाही मागतात, आणि आरएलच नसेल तर मोठ्या बँका फाईल बाजूला ठेवतात. कोणती बँक कुठे अडते, हे काउंटरवर कुणी सांगत नाही. या धंद्यात केस पांढरे झालेल्या एजंटला ते तोंडपाठ असतं.

माझ्या ओळखीचं एक जोडपं आहे. त्यांचं टायरचं दुकान, उत्पन्न बरं, आयकर विवरणपत्रं नियमित भरलेली. ज्या बँकेत खातं तिथेच त्यांनी अर्ज दिला. तीन आठवड्यांनी ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मॅडम, फाईल पुढं सरकूनच नाही राहिली, अन् कारण कोणी सांगून नाही राहिलं." मी त्यांना एका जुन्या एजंटकडे पाठवलं. त्याने आरएल लेटर आणि सेल डीड (खरेदीखत) टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हीकडच्या प्लॉट क्रमांकावर बोट ठेवलं. एकीकडे ४२, दुसरीकडे ४२-अ. "आधी चूक दुरुस्ती लेख करा, मगच फाईल लावू," इतकंच तो म्हणाला. चूक शोधणं दोन मिनिटांचं काम होतं. त्या माणसाने आपलं कमिशन सचोटीने कमावलं, असं मी आजही म्हणेन.

याउलट तुमची पगाराची नोकरी आहे, फ्लॅट अशा प्रकल्पात आहे ज्याला बँकेने आधीच मंजुरी दिली आहे, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, चांगलं आहे. मग मधे माणूस कशाला? पगाराचं खातं असलेल्या शाखेत जा, आणखी एक-दोन बँकांतून दर लिहून आणा आणि प्रोसेसिंग फी कमी करायला सांगा. अशा ग्राहकाचं बँक ऐकते.

माझ्या भाच्याचं सांगते, कारण ते मला फार लागलं. एजंटने त्याच्याकडून कागदांचा एक संच घेतला आणि एकाच आठवड्यात चार ठिकाणी लॉगिन केलं, म्हणजे अर्ज दाखल केले. प्रत्येक अर्जाची चौकशी सिबिलवर नोंदली जाते. थोड्या दिवसांत अशा नोंदी वाढल्या की स्कोअर खाली येतो आणि पुढचा अधिकारी विचारतो, बाकीच्यांनी नाकारलं का? पुढे एका संस्थेचं सँक्शन लेटर आलं. मागितले होते ३० लाख, मंजूर ३१. वरचा एक लाख विम्याचा एकरकमी हप्ता, कर्जातच मिसळलेला. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत त्या एका लाखाचे दोन लाख आठ हजार फेडावे लागतात. विमा जरूर घ्या, पण वेगळा टर्म प्लॅन घ्या, आणि तुमची निवड म्हणून घ्या. गृहकर्जाला तो सक्तीचा नाही.

अशा वेळी एक कागद तुमच्या बाजूने उभा राहतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने कर्जाचं मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, देणं बंधनकारक केलं आहे. त्यात एपीआर असतो : व्याज, फी, विमा सगळं धरून वर्षाला खरोखर पडणारा दर. दोन ठिकाणांची तुलना त्याच आकड्यावर करा. त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असायला हवा, तेव्हा मराठीत मागा, संकोचू नका. शिवाय तो किमान तीन कामाचे दिवस वैध असतो. "आजच सही करा, उद्या दर वाढेल" असं कुणी म्हणालं, तर त्याला हे सांगा.

एजंट तुम्हाला कुठे नेतो आहे, तेही विचारा. बँक की हाउसिंग फायनान्स कंपनी? बँकांचे बदलत्या दराचे नवे गृहकर्ज ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाहेरच्या दराशी बांधलेले आहेत. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही, त्या आपला दर स्वतः ठरवतात. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला, तेव्हा हा फरक अनेक घरांना हप्त्यात दिसला. ज्याचे कागद बँकेत बसत नाहीत त्याने कंपनीकडून जरूर घ्यावं. पण बँकेत बसणारी फाईल तिकडे जात असेल, तर का ते विचारायचं. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड नाही, त्यामुळे पुढे टेकओव्हरची, म्हणजे कर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याची, वाट मोकळी राहते.

(प्रश्नोत्तरांत एका ताईंनी सांगितलं, की एजंटने मूळ सेल डीड आणि सही केलेला कोरा फॉर्म 'सोयीसाठी' ठेवून घेतला आहे.)

ताई, दोन्ही परत घ्या. एजंटला झेरॉक्स पुरते. फॉर्म तुमच्यासमोर भरला जावा, आणि उत्पन्नाचा आकडा तुम्ही स्वतः वाचावा, कारण तो चुकीचा निघाला तर जाब सही करणाऱ्याला विचारतात. मूळ कागद द्यायचे ते वाटपाच्या वेळी, शाखेत, शिक्क्याची यादी घेऊन. ती यादी जपून ठेवा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत मिळाले नाहीत आणि उशीर बँकेमुळे झाला, तर दिवसाला ५,००० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. एजंटच्या कपाटात हरवलेल्या कागदाला असा कुठलाच नियम लागत नाही. उद्या सकाळी त्याच्याकडे जा, एकट्या जाऊ नका, घरातलं कुणी सोबत घ्या. आणि कागद हाती आले की मला फोन करा, मी वाट पाहीन.