वॉटरबॅग, डबा, रेनकोट: शाळा उघडण्याआधीची घरची तपासणी

(दृश्य : ठाणे, जांभळी नाका. दुकानांच्या दारांवर टांगलेली दप्तरं, बाटल्या, रेनकोट.)

मे संपत आला की जांभळी नाक्यावर दप्तरं, वॉटरबॅगा आणि रेनकोट लटकायला लागतात. जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि पहिल्याच आठवड्यात मुलांच्या वह्या भिजून घरी येतात. दुकानदार बाटली उलटी धरून दाखवतो तेव्हा ती गळत नाही, हे खरंच आहे. पण दप्तरात ती आडवी पडलेली असते, मूल धावलं की हिंदकळते, बसच्या खिडकीशी तापते आणि तिचं झाकण सहा वर्षांच्या हातांनी लावलेलं असतं. घरी तपासायची ती अशीच.

(दृश्य : घराचा ओटा. एक आई खोक्यातून बाटली आणि डबा बाहेर काढते आहे.)

ओट्यावर मांडलेलं सामान बघा. स्वयंपाकघरातला वजनकाटा, जुनं वर्तमानपत्र, चुंबक, टूथपिक आणि मोबाइल. एवढ्यात काम होतं. क्रम मात्र चुकवायचा नाही. जे नुसतं बघून आणि मोजून कळतं ते आधी, मग साधं पाणी, आणि तेला-हळदीचं जेवण सगळ्यात शेवटी. हळदीचा डाग पडलेला डबा परत घ्यायला कोण तयार होणार? परतीची मुदत संपेपर्यंत खोका, पावती आणि लेबल जपून ठेवा.

पहिलं वजन. २०२०च्या स्कूल बॅग पॉलिसीनुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. २० किलोच्या मुलाला २ किलो. बाटली आधी रिकामी आणि मग भरून काट्यावर ठेवा. १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ ग्रॅम, तेव्हा दोन आकड्यांतला फरक हीच तिची खरी क्षमता. १ लिटरच्या दुहेरी भिंतीच्या बाटलीत पाणीच १ किलो, वर स्टीलचं वजन वेगळं. निम्म्याहून जास्त दप्तर तिनंच भरलं, तर पुस्तकांना काय उरलं? शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय असेल तर पहिली-दुसरीच्या मुलाला ५०० मिलीची एकेरी भिंतीची बाटली पुरते. आमचं मत तिच्याच बाजूने आहे.

(दृश्य : बाटलीचा तळ, जवळून. मोबाइलवर बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, बीआयएस केअर ॲप.)

आता छापलेलं वाचूया. पाण्याच्या स्टील बाटल्यांसाठी आयएस १७८०३ आणि व्हॅक्यूम बाटल्यांसाठी आयएस १७५२६ ही भारतीय मानकं आहेत. आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल हा परवाना क्रमांक. तो बीआयएस केअर ॲपमध्ये घातला की परवाना कोणत्या उत्पादकाचा आणि कोणत्या वस्तूचा, ते दिसतं. ॲपमधलं नाव आणि खोक्यावरचं नाव जुळलं पाहिजे. चिन्ह आहे पण खाली क्रमांकच नाही, अशी बाटली घेऊ नका.

चुंबकाबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. चुंबक चिकटलं नाही की स्टील ३०४ दर्जाचं, असं सर्रास सांगतात. ३०४मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्त २०२मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, पण चुंबक त्यालाही चिकटत नाही. उलट ३०४चा पत्रा जिथे दाबून वळवलेला असतो, तिथे ते किंचित ओढलं जातं. म्हणजे जोरात चिकटलं तर ते ३०४ नव्हे, एवढंच चुंबक सांगू शकतं. २०२ आणि ३०४ त्याला वेगळे करता येत नाहीत.

(दृश्य : बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली जाते आहे.)

गळतीची चाचणी साध्या तापमानाच्या पाण्यानेच करायची. फ्रिजचं पाणी घातलं तर ठाण्याच्या दमट हवेत एकेरी भिंतीच्या बाटलीला बाहेरून घाम सुटतो, आणि तेच पाणी गळती समजून चांगली बाटली परत जाते. वह्याही बऱ्याचदा या घामानेच भिजतात. तेव्हा अशा बाटलीत रोजही साधंच पाणी भरा. बाटली पुसून कोरडी करा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि अर्धा तास आडवी ठेवा. पुढचा अर्धा तास उलटी. मग दप्तरात घालून दप्तर चांगलं हलवा. कागद काळपट कुठे झाला ते बघा. झाकणाच्या कडेला ओल असेल तर दोष रबरी रिंगचा, तोटीशी असेल तर झडपेचा.

रिंग गळते याचं सर्वात साधं कारण म्हणजे धुतल्यावर ती उलटी बसवली जाते. अनेक रिंगांना एका बाजूला पातळ ओठ असतो. तो कुठल्या बाजूला आहे, याचा फोटो नव्या बाटलीचाच काढून ठेवा.

स्ट्रॉची बाटली वेगळ्या कारणाने सांडते. पाण्यावरची हवा उन्हात तापली की फुगते. स्ट्रॉचं खालचं टोक पाण्यात बुडालेलं असतं, त्यामुळे फुगलेली हवा पाण्यालाच स्ट्रॉमधून वर ढकलते. मुलानं खटका दाबला की धार थेट तोंडावर! बाटली अर्धी भरा, अर्धा तास खिडकीच्या उन्हात ठेवा आणि तोटी मोरीकडे वळवून उघडा. हवा आत-बाहेर जायला झाकणाला बारीक छिद्र किंवा झडप असते, ती तुंबली की हा त्रास वाढतो आणि मुलाला पाणी ओढायलाही जोर लागतो. काठापर्यंत भरली तर आत हवा कमी राहते, मग धारही कमी.

धुताना झाकण, रिंग, तोटी, स्ट्रॉ, झडप असा प्रत्येक सुटा भाग मोजा. न निघणारा एखादा कोपरा असेल तर पावसाळ्यात तिथेच काळी बुरशी धरते. रिंग टूथपिकच्या बोथट टोकाने काढा, सुरीने तिला चीर पडते. स्ट्रॉसाठी बारीक ब्रश हवाच. सुटी रिंग आणि स्ट्रॉ विकत मिळतात का, हे बाटली घेण्याआधी विचारा. दहा-वीस रुपयांच्या रिंगपायी अख्खी बाटली टाकावी लागणं वाईट.

(दृश्य : गरम पाणी ओतताना.)

व्हॅक्यूम बाटलीत उकळतं पाणी भरा, झाकण लावून पाच मिनिटं थांबा आणि बाहेरून हात फिरवा. तोंडाशी थोडी ऊब लागणारच, तिथे दोन्ही भिंती जोडलेल्या असतात. पण मधे किंवा तळाशी चटका लागला तर आतली निर्वात पोकळी फुटली, बाटली परत करा. घोडबंदर रोडवर टँकरचं, बोअरवेलचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांत काही आठवड्यांनी आत पांढरा थर दिसतो. तो क्षारांचा. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून अर्धा तास ठेवा, झाकण मात्र उघडं, कारण त्यातून वायू सुटतो. ब्लीच घालू नका, क्लोरिनने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

(दृश्य : डब्यात पोळी, मग वरण.)

डबा घेताना लिटरचा आकडा बाजूला ठेवा, घरची पोळी घडी घालून त्यात बसते का ते बघा. कप्प्यांच्या डब्यात बहुतेक वेळा मधली भिंत झाकणाला घट्ट टेकत नाही. बाहेर थेंबही येत नाही, पण उसळीचा रस्सा पोळीत शिरतो. अशा डब्यात सुकी भाजीच. बाहेर प्लास्टिक आणि आत स्टील असलेला डबा धुवून कानाशी हलवा. दोन थरांमध्ये पाणी खळखळलं तर ते सुकत नाही आणि पुढे वास येतो.

प्लास्टिकच्या डब्याखाली त्रिकोणातला ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. अन्नासाठी योग्य असल्याची खूण वेगळी, पेला आणि जेवणाच्या काट्याची. चारही क्लिपा वीस-पंचवीस वेळा उघडमीट करा. बिजागरीवर पांढरी रेघ उमटली तर क्लिप तिथेच तुटणार.

साध्या पाण्याला जो डबा उतरला, त्याची शेवटची परीक्षा फोडणीच्या पातळ वरणाने घ्यायची. तेलाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी, त्यामुळे पाणी अडतं त्या फटीतूनही तेल वाट काढतं. वरण वाफाळतं असताना झाकण लावू नका. आतली वाफ थंड होऊन आकसते, झाकण आत ओढलं जातं आणि मुलाला ते उघडत नाही. वाफेचं पाणी होऊन पोळी लिबलिबीत होते, ते वेगळंच. दहा मिनिटं निवू द्या. हळदीने पिवळी झालेली रिंग धुवून गॅलरीत उन्हात ठेवली तर रंग बराच उतरतो, हळदीचं रंगद्रव्य प्रकाशात टिकत नाही.

रेनकोट कापडातून क्वचितच गळतो. तो गळतो शिवणीतून, सुईच्या छिद्रांतून. उलटा करून बघा, खांद्याच्या आणि टोपीच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. खांद्याखाली वर्तमानपत्र धरून वरून दोन तांबे पाणी ओता. माप घेताना मुलाच्या पाठीवर भरलेलं दप्तर असू द्या.

काही गळालं तर लगेच व्हिडिओ काढा. त्यात वस्तू, बॅच क्रमांक आणि ओला कागद एकाच चौकटीत दिसू द्या. आधी विक्रेत्याला लेखी कळवा. आयात मालावर मूळ देश आणि आयातदाराचा पत्ता छापलेला असतो, त्याचाही फोटो ठेवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे तक्रार मराठीतही नोंदवता येते.