काम करताना कानात काय असावं

श्रोतेहो नमस्कार. तुमच्यातले निम्मेअर्धे लोक आत्ता माझं बोलणं ऐकता ऐकता दुसरंच काहीतरी करतायत हे मला माहितीये. कुणी कणीक मळतंय, कुणी शिलाई मशीनवर बसलंय, कुणी ट्रॅफिकमधे अडकलंय, आणि त्यात काही गैर नाही, रेडिओ असतोच त्यासाठी. फक्त जे लॅपटॉप उघडून काही लिहीत बसलेत, म्हणजे मेल, रिपोर्ट, असाइनमेंट वगैरे, त्यांनी एक तर मला बंद करावं नाहीतर ते लिहिणं दहा-बारा मिनिटं बाजूला ठेवावं. रेडिओवरच्या माणसाने असं सांगू नये खरं तर, पण आजचा विषयच तो आहे. काम करताना मागे काय लावावं आणि काय लावू नये.

कसं असतं बघा, लिहिताना किंवा वाचताना आपण मनातल्या मनात बोलत असतो. ओठ हलत नाहीत पण वाक्य आत वाजत असतं, आणि त्याच वेळी बाहेरून कुणी दुसरी वाक्यं कानात सोडत असेल, मग ते माझ्यासारखा बडबड्या निवेदक असो की एखादं आवडतं भावगीत, तर दोघांना एकाच दारातून आत यायचं असतं. यावर जुना प्रयोग आहे. 1976 साली कॉल आणि वेल्श या दोघांनी इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना अक्षरांच्या याद्या दाखवून लक्षात ठेवायला सांगितलं आणि मागे जर्मन भाषेतलं वाचन लावून ठेवलं. ऐकणाऱ्यांना जर्मनचा ओ की ठो कळत नव्हता, लक्ष देऊ नका असंही सांगितलेलं, तरी याद्या चुकायला लागल्या. त्यामुळे 'मी कोरियन गाणी लावतो, मला कुठे शब्द कळतात' असं जे कॉलेजातली मुलं सांगतात ना, ते अर्धंच खरं आहे. लिहायच्या कामात न कळणारी भाषा कमी त्रास देत असेल, पण पाठांतराला बसला असाल तर माणसाचा आवाज हा माणसाचा आवाजच, कुठल्याही भाषेतला असो.

आता हेच हाताच्या कामाला लावून बघा, सगळं उलटं होतं. टेलरच्या दुकानात, गॅरेजमधे, सलूनमधे दिवसभर गाणी चालू असतात आणि तिथे कुणाचं काम बिघडत नाही, उलट ती बंद केली तर माणसं कंटाळतात आणि कंटाळलेल्या माणसाचा हात चुकतो. हे फार पूर्वी ओळखलं होतं बीबीसीने. दुसरं महायुद्ध चालू होतं, ब्रिटनमधल्या कारखान्यांत दारूगोळा बनवणारे कामगार, त्यात बायका पुष्कळ, लांबच लांब पाळ्या करत होते, तेव्हा जून 1940 मधे बीबीसीने 'म्युझिक व्हाइल यू वर्क' नावाचा कार्यक्रम सुरू केला. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, म्हणजे माणूस नेमका जिथे ढेपाळतो त्या वेळेला. कारखान्यात लाउडस्पीकरवरून ते सगळ्यांना ऐकू जायचं.

मला गंमत वाटते ती त्यांच्या नियमांची. बहुतेक नुसती वाद्यं, गाणारा आवाज जवळजवळ नाहीच. एका सुरावटीतून दुसरीत सरळ जायचं, मधे बोलायचं नाही. एकदम हळू चाल नको कारण झोप येते, आणि एकदम धडाकेबाज पण नको. टेक्सस राज्यावरचं एक अमेरिकन गाणं तेव्हा भयंकर गाजलेलं, त्यात ओळीनंतर चार टाळ्या वाजवायच्या असतात. ते या कार्यक्रमात चक्क बंद केलं, का तर कामगार त्या टाळ्यांच्या जागी हातातली हत्यारं मशीनवर आपटायला लागतील. म्हणजे गाणं चांगलं की वाईट हा प्रश्नच नव्हता, ते कामात लुडबुड करतं का एवढाच प्रश्न. हा कार्यक्रम 1967 पर्यंत चालला. आणि मला विचाराल तर आज मोबाइलवर 'फोकस' नावाच्या ज्या हजार प्लेलिस्ट आहेत त्या बनवणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा त्या लोकांना जास्त कळत होतं.

अमेरिकेत त्याच सुमाराला म्युझॅक नावाची कंपनी ऑफिसांना आणि कारखान्यांना वायरीवरून संगीत पुरवत होती. त्यांनी पुढे एक पद्धत काढली, पंधरा मिनिटांच्या तुकड्यात संगीत हळूहळू चढत न्यायचं आणि मग पंधरा मिनिटं काही वाजवायचंच नाही. यातला चढवण्याचा भाग मला फारसा पटत नाही, माणसाला चावी दिल्यासारखं वाटतं ते. पण ती मधली शांतता मात्र घेण्यासारखी आहे. आपण काय करतो, सकाळी नऊला हेडफोन घालतो ते संध्याकाळी कान दुखायला लागल्यावर काढतो, आणि तोपर्यंत ते संगीत आपल्याला ऐकूच येत नसतं.

आता म्हणाल हे झालं तिकडचं. तर आपल्याकडे याच्या कितीतरी आधीपासून जातं होतं. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा धरायच्या आणि ओवी सुरू. शेतात कापणीला भलरी, मोटेवर मोटेची गाणी, कामाचा आणि गाण्याचा ठेका एकच. जात्यावरच्या ओव्यांचं तर केवढं मोठं काम पुण्यात झालंय, गी पॉइटेविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आणि आता 'परी' या वेबसाइटवर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात, जरूर ऐका. पण काम चालू असताना नको, मुद्दाम बसून.

आता यात एक गोष्ट आपण नीट बघत नाही असं मला वाटतं. आपण म्हणतो दळणाचे कष्ट हलके व्हावेत म्हणून बायका गायच्या, आणि ते खरंच आहे. पण दुसऱ्या बाजूने बघा ना. दळण हे डोक्याला अजिबात न लागणारं काम, हात गोल फिरतोय, ठेका मिळालाय, अंधार आहे, मधे बोलायला कुणी येत नाहीये, आणि अशा वेळी त्या बाईच्या मनात माहेर, भाऊ, विठ्ठल, सासूचा जाच, सगळं ओळींच्या रूपात येतंय. म्हणजे नवीन काही रचण्याचं, ज्याला आपण आज क्रिएटिव्ह म्हणतो ते काम ओवीचं होतं, आणि त्याला मागून साथ होती ती जात्याच्या घरघरीची. आपण आज विचारतो की काही सुचण्यासाठी कुठलं म्युझिक लावू, आणि इथे तर सुचण्यासाठी हाताला एक साधं काम दिलेलं होतं. भांडी घासताना, चालताना, आंघोळ करताना जे सुचतं ते टेबलाशी बसून सुचत नाही, हा अनुभव कुणाला नाही सांगा.

बरं, सुचण्यावरच आलो आहोत तर तिथे संशोधनाचे पण दोन तट आहेत. 2012 साली रवी मेहता आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास खूप गाजला, त्यात साधारण 70 डेसिबल, म्हणजे गजबजलेल्या कॅफेत असतो तेवढा आवाज असताना लोकांना 50 डेसिबलच्या शांततेपेक्षा जास्त कल्पक उत्तरं सुचली, आणि 85 ला गेल्यावर सगळं बिघडलं. झालं, कॉफीशॉपचा आवाज ऐकवणारी ॲप निघाली. मग 2017 मधे दुसरा एक अभ्यास आला, विवाल्डीच्या 'स्प्रिंग'सारखं आनंदी संगीत ऐकताना लोकांना एखाद्या वस्तूचे नवे नवे उपयोग जास्त सुचतात असा. आणि 2019 मधे ब्रिटन-स्वीडनच्या मंडळींनी बरोबर उलटं दाखवलं. तीन शब्द द्यायचे आणि तिन्हींना जोडणारा चौथा शोधायला सांगायचा. यात गाणं ओळखीचं असो, परक्या भाषेतलं असो, नुसती वाद्यं असोत, लोक कमीच पडले. लायब्ररीत असतो तसल्या बारीकसारीक आवाजाने मात्र काही बिघडलं नाही.

मला यात भांडण दिसत नाही. सुचण्याचे दोन प्रकार आहेत एवढंच. गणपतीच्या डेकोरेशनला यंदा काय करायचं, दुकानाला नाव काय द्यायचं, अशा वेळी पन्नास कल्पना हव्या असतात, त्यातल्या पंचेचाळीस टाकाऊ असल्या तरी चालतात, तिथे लावा काहीतरी उडतं, आनंदी, मूड चांगला असला की माणूस मोकळा होतो. पण एकच नेमका शब्द अडलाय, कवितेची शेवटची ओळ बसत नाहीये, कोडमधला बग सापडत नाहीये, तिथे मनातल्या मनात शब्द चाचपडावे लागतात, आणि तेव्हा सरळ बंद करा. आपले बरेच लोक काय करतात, अडलं की आवाज वाढवतात.

मोझार्टचं पण इथेच उरकून घेतो कारण कुणीतरी पालक विचारणारच. 1993 मधे 'नेचर'मधे एक छोटा प्रयोग आला, कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवलं, मग आकारांची कोडी दिली, जरा बरी सुटली. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. तिथून गाडी कुठे गेली तर 1998 मधे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत द्यायचं म्हणून बजेटमधे पैसे मागितले! पुढे दुसऱ्यांनी तपासलं तर कळलं की ज्यांना गोष्ट आवडते त्यांना गोष्ट ऐकवली तरी तेवढाच फायदा होतो. माणूस खुशीत असला, जागा असला की जरा बरं काम करतो, इतकंच ते आहे. तेव्हा कामाच्या *आधी* चांगलं दहा मिनिटं आवडीचं ऐकून घेणं, मग ते बंद करून कामाला बसणं, हे मला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं औषध वाटतं.

आता ऑफिसात किंवा घरात शांतता मिळतच नाही त्यांचं काय? शेजारच्या टेबलावरचा माणूस फोनवर बोलतोय, 'हो... नाही... अगं पण मी कधी म्हटलं असं...' आणि तुमचं सगळं लक्ष तिकडे, कारण पलीकडची बाजू ऐकू येत नाही, ती डोकं आपोआप भरत बसतं. दोन माणसं समोरासमोर बोलत असली तर एवढा त्रास होत नाही, एकतर्फी बोलणं जास्त छळतं, हेही तपासून झालंय. अशा वेळी संगीताचं काम फक्त पडदा टाकायचं. पावसाचा आवाज, पंख्याचा आवाज, हे त्यासाठी उत्तम, त्यात शब्द नाहीत आणि पुढे काय होणार याची उत्सुकता पण नाही.

आपलं शास्त्रीय लावावं का? लावा, पण जरा बघून. बासरी, संतूर, सरोद, त्यातही आलाप, जोपर्यंत सावकाश चाललाय तोपर्यंत छान. मात्र 'झाला', म्हणजे शेवटचा जलद भाग, सुरू झाला की काम संपलं, आणि मैफलीचं रेकॉर्डिंग असेल तर मधेच टाळ्या, 'क्या बात है', तबलजीशी काहीतरी बोलणं, दचकायला होतं. आणि ज्यांना राग कळतात त्यांची तर वेगळीच पंचाईत, हा बागेश्री की रागेश्री यातच अर्धा तास जातो. अशांनी आपल्या प्रांतातलं लावूच नये, जे कळत नाही ते लावावं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर नुसता तानपुरा. गाणं नाही, तबला नाही, फक्त तानपुरा. मोबाइलवर फुकट ॲप मिळतात, पट्टी जरा खालची ठेवा, पेटीवरची काळी एक वगैरे, आवाज अगदी कमी, शेजारच्या खोलीत कुणी वाजवतंय असा. याला ताल नाही, शब्द नाहीत, पुढे काही घडणार नाही, त्याच तारा ओळीने, पंचम, जोड, खर्ज, पुन्हा पंचम. तरी तो कंटाळवाणा होत नाही, त्याचं कारण जवारी. घोडीवर तारेखाली तो दोरा नेमका बसवला की एका तारेतून कितीतरी स्वर उमटत राहतात आणि आवाज सतत थोडा थोडा हलता राहतो. मिरजेत हे काम पिढ्यानपिढ्या चाललंय, 2024 मधे मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला जीआय मानांकन पण मिळालं. आणि मुळात हे वाद्य बनलंच आहे मागे राहण्यासाठी. गवयाने त्याच्यावर स्वर लावायचा, त्याच्याकडे बघत बसायचं नाही. सगळ्यांना मानवेलच असं नाही, काहींना झोप येते, त्यांनी दुपारच्या जेवणानंतर प्रयोग करू नये.

एक किरकोळ पण महत्त्वाचं, काय लावायचं ते आदल्या रात्री ठरवून ठेवा. काम सुरू करायच्या वेळी प्लेलिस्ट शोधायला बसलात तर पाऊण तास तिथेच जातो. आणि जाहिराती लागणारं फुकटचं ॲप असेल तर नकोच, तंद्री लागली की नेमकी साबणाची जाहिरात ओरडते. त्यापेक्षा डाउनलोड करून ठेवलेलं बरं.

राहता राहिली दहावी-बारावीची मुलं आणि त्यांच्यावर ओरडणारे आईबाप. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. आकृत्या काढणं, जर्नल उतरवणं, पाठ झालेल्या पद्धतीची गणितं सोडवणं, याला गाणी चालू असली तर ओरडू नका, पोरगं टेबलाशी टिकतंय हेच पुष्कळ. इतिहासाच्या सनावळ्या, व्याख्या, निबंध, याला मात्र गाणी बंद. आणि परीक्षा जवळ आली की रोज एखादा पेपर पूर्ण शांततेत, घड्याळ लावून सोडवायला लावा, कारण बोर्डाच्या हॉलमधे कुणी हेडफोन घालू देत नाही, आणि तिथली शांतता सवय नसेल तर फार मोठी वाटते. चला, माझी वेळ संपली. यानंतर अर्धा तास बासरी आहे. राग कुठला ते सांगत नाही, काम करा. नमस्कार.